पुढचा संघ कुठल्या शहराचा? : आइस हॉकी लीगच्या विस्ताराच्या अभ्यासाची प्रस्तावना

कॅनडातल्या केबेक शहरात २०१५ पासून अठरा हजारांवर आसनांचे एक झकास अरीना उभे आहे. ते बांधले गेले सार्वजनिक पैशातून. नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा संघ शहरात परत यावा या एकाच आशेने शहराने आणि प्रांताने त्यासाठी तिजोरी मोकळी केली. तिथे ज्युनिअर हॉकीचे सामने होतात, गाण्याचे मोठे कार्यक्रम होतात. ज्या संघासाठी हा सगळा घाट घातला, तो संघ मात्र आलेला नाही. त्याच खंडाच्या दुसऱ्या टोकाला टेक्सासमधले ह्यूस्टन आहे. लोकसंख्येने ते अमेरिकेतले चौथ्या क्रमांकाचे शहर, आसपासची वस्ती धरली तर सत्तर लाखांवर माणसे, आणि त्यालाही एनएचएलचा संघ नाही. एकाकडे बर्फ आहे, अरीना आहे, आस आहे. दुसऱ्याकडे बाजारपेठ आहे. लीगने ३२ संघांवरून पुढे जायचे ठरवले, तर पहिले पाऊल कुठे टाकावे?

हा प्रश्न क्रीडारसिकांच्या गप्पांचा वाटतो, आणि तसा तो आहेच. पण त्याच्या मुळाशी जाऊ लागले की अर्थशास्त्र, नगररचना, कायदा, भूगोल आणि लोकांचा जिव्हाळा असे पाचही धागे हाताला लागतात. यांतला एकच धरून चालणारा माणूस हमखास फसतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाला वाट सापडावी, एवढ्यासाठी हे लेखन आहे. हॉकीचे नियम ठाऊक नसले तरी अडत नाही. शहरे कशी वाढतात आणि पैसा कुठून कुठे जातो याचे कुतूहल मात्र हवे.

सुरुवात १९६७ पासून करावी. एनएचएलची स्थापना १९१७ मध्ये मॉन्ट्रिअलला झाली, पण १९४२ ते १९६७ अशी पंचवीस वर्षे लीगमध्ये सहाच संघ होते : मॉन्ट्रिअल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट. मालकांना ते पुरेसे होते. मग दूरचित्रवाणी आली. देशभर प्रक्षेपण विकायचे तर पश्चिम किनाऱ्यावर संघ हवा, हे उघड झाले. आणि प्रतिस्पर्धी लीग उभी राहण्याची भीतीही होतीच. लीगने एका फटक्यात संघ दुप्पट केले. लॉस एंजेलिस, ओकलंड, मिनेसोटा, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि सेंट लुइस हे सहा संघ प्रत्येकी २० लाख डॉलर भरून आत आले. हॉकीवर जीव टाकणारे व्हँकूव्हर बाहेर राहिले आणि कॅनडात संतापाची लाट उसळली. सेंट लुइसची गोष्ट तर अभ्यासकाने जपून ठेवावी अशी आहे. त्या शहरातून संघासाठी रीतसर अर्जसुद्धा आला नव्हता. पण तिथले जुने अरीना शिकागो संघाच्या मालकांच्या मालकीचे होते, त्यांना ते गळ्यातून काढायचे होते, म्हणून सेंट लुइसची जागा राखून ठेवली गेली. अर्जदार मागाहून शोधला. तो संघ आज साठीकडे आला आहे आणि २०१९ मध्ये त्याने स्टॅन्ले कप हे अजिंक्यपदही जिंकले. निवडीचे कारण गैर होते, तरी निवड फळली. असे दाखले या क्षेत्रात पावलोपावली भेटतात, म्हणूनच सरळसोट सूत्र घेऊन येणाऱ्यांनी थोडे थांबावे.

ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्या ग्रंथकारांची ओळख इथेच करून देतो. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लेख लिहिला आणि क्रीडा-अर्थशास्त्राचा पाया घातला. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये एक मूलभूत गोष्ट मांडली : इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी बुडाला तर आपला फायदा होतो, खेळात प्रतिस्पर्धी बुडाला तर आपल्यालाही विकायला काही उरत नाही. त्यामुळे संघ नव्हे, लीग हीच खरी पेढी ठरते. जॉन रूनी यांचा अमेरिकी खेळांचा भूगोल १९७४ चा. कुठल्या भागातून कुठल्या खेळाचे किती खेळाडू येतात, याचे नकाशे त्यांनी काढले. आणि आपल्या विषयाला थेट हात घालणारा निबंध म्हणजे जोन्स आणि फर्ग्युसन या अर्थतज्ज्ञांचा, एनएचएलमधले स्थान आणि संघाचे टिकणे यांवरचा, १९८८ चा. चांगला खेळ संघाला तारतो, की चांगली जागा? हा प्रश्न त्यांनी आकड्यांनी विचारला. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला त्यांच्याशी हुज्जत घालूनच पुढे जावे लागले आहे. वाचकानेही तिथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन.

नील यांचा विचार पुढे नेला की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती एकदा लक्षात आली की बाकीचा विषय उलगडत जातो. लीग ही मक्तेदारी आहे. संघ किती असावेत हे मालक मिळून ठरवतात, आणि संघ मागणाऱ्या शहरांपेक्षा ते नेहमी कमीच ठेवतात. रिकामे शहर म्हणजे लीगचे नुकसान असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रिकामे शहर ही लीगच्या हातातली मोठी ताकद असते. पिट्सबर्गचेच पाहा. कॅन्सस सिटीत २००७ मध्ये नवेकोरे अरीना तयार झाले होते आणि त्यात खेळायला संघ नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संघाचे मालक नव्या अरीनासाठी सरकारशी बोलणी करत होते आणि संघ कॅन्सस सिटीला जाईल अशी चर्चा जोरात होती. पिट्सबर्गला नवे अरीना मिळाले. ते २०१० मध्ये उघडले. कॅन्सस सिटीला संघ मिळाला नाही तो नाहीच. तेव्हा ‘अमुक शहराला संघ का मिळत नाही’ असे कुणी विचारले की अभ्यासकाने आधी दुसरे विचारावे : ते शहर रिकामे राहण्यात कुणाचा फायदा आहे?

याच मक्तेदारीचे दुसरे अंग म्हणजे प्रवेशाचे शुल्क. १९६७ चे २० लाख डॉलर १९९२ पर्यंत ५ कोटी झाले, २००० मध्ये ८ कोटी. लास व्हेगासने २०१७ ला ५० कोटी मोजले, सिअ‍ॅटलने २०२१ ला ६५ कोटी. आता पुढच्या संघासाठी २ अब्जांचा आकडा चर्चेत आहे. ही रक्कम जुन्या मालकांत वाटली जाते आणि खेळाडूंच्या वाट्याच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणजे विस्ताराच्या निर्णयाला बसलेल्या प्रत्येक मालकासमोर एक घसघशीत धनादेश असतो, आणि त्याच्या बदल्यात प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला आपला कायमचा वाटा थोडा लहान करून घ्यायचा असतो. खेळाचा प्रसार वगैरे भाषा व्यासपीठावर होते. बंद दाराआड हा हिशेब होतो. ती भाषा खोटी असते असे मी म्हणणार नाही. पण हिशेब आधी वाचावा.

आता त्या लोकप्रिय समजुतीकडे वळू, जिने या विषयाचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे : हॉकी हा थंडीचा खेळ, उन्हाच्या मुलखात तो रुजत नाही. व्यावसायिक हॉकीचा बर्फ शंभराहून अधिक वर्षे यंत्राने गोठवलेला आहे. स्वतःची हॉकी लीग काढणाऱ्या पॅट्रिक बंधूंनी १९११ मध्ये व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरियात कॅनडातली पहिली कृत्रिम बर्फाची अरीना उभारली, कारण पॅसिफिक किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असतो, तळी भरवशाने गोठत नाहीत. त्यांच्याच लीगमधल्या सिअ‍ॅटलच्या संघाने १९१७ मध्ये स्टॅन्ले कप जिंकला. अमेरिकी संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ. तंत्र तेव्हापासून फारसे बदललेले नाही. काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचे जाळे असते, त्यातून गोठणबिंदूच्या खालचे द्रावण फिरते. वरून पाण्याचे तुषार पातळ थरांनी मारत जातात. काही थर झाले की पांढरा रंग, त्यावर लाल-निळ्या रेषा, आणि पुन्हा थर. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद आणि जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा हा बर्फ. ह्यूस्टनसारख्या दमट शहरात खरी लढाई उष्णतेपेक्षा हवेतल्या ओलाव्याशी असते. दारे उघडून अठरा हजार माणसे आत आली की बर्फावर धुके धरू नये, म्हणून हवा कोरडी करणारी यंत्रे लागतात. ती महाग असतात, पण मिळतात. फ्लोरिडातल्या दोन संघांनी २०२० ते २०२५ या सहा हंगामांत चार वेळा कप नेला. कॅनडातल्या एकाही संघाने १९९३ नंतर २०२५ पर्यंत तो जिंकलेला नाही. हवामानाचा मुद्दा इथे संपतो.

मग दक्षिणेतले संघ बुडाले ते कशाने? इथे ॲरिझोनाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला आणि शहराच्या मधोमध असलेल्या, चारच वर्षे जुन्या अरीनात खेळू लागला. ते अरीना बास्केटबॉलसाठी बांधलेले. बास्केटबॉलचे मैदान ९४ फुटांचे, हॉकीचे २०० फुटांचे. बर्फ कसाबसा बसवला, पण वरच्या कितीतरी खुर्च्यांवरून एका बाजूचा गोलच दिसेना. ती तिकिटे कोण घेणार? म्हणून २००३ मध्ये संघ ग्लेनडेलच्या नव्या अरीनात गेला. तिथून दोन्ही गोल दिसत, पण ग्लेनडेल महानगराच्या पश्चिम टोकाला आणि हंगामी तिकिटे घेणारी सधन वस्ती पूर्वेला, स्कॉट्सडेलच्या बाजूला. कामावरून सुटून ऐन गर्दीच्या वेळी सगळे महानगर ओलांडायचे, आणि हंगामात अशा एकेचाळीस खेपा घालायच्या. २००९ मध्ये संघाचे दिवाळे निघाले, लीगनेच तो विकत घेऊन चार वर्षे चालवला. पुढे ग्लेनडेलने करार संपवला, आणि संघ टेंपीच्या विद्यापीठातल्या पाच हजारांहून कमी आसनांच्या अरीनात येऊन पडला. मे २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांपुढे, जुन्या कचराभूमीवर अरीना बांधायचे की नाही, असा कौल आला. तीन प्रस्ताव होते, तिन्ही पडले. १७ एप्रिल २०२४ ला शेवटचा सामना झाला, तो संघाने जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू सॉल्ट लेक सिटीचे झाले.

या सबंध कथेत ‘वाळवंटात हॉकी कुणाला आवडते’ हा प्रश्न कुठेच निर्णायक ठरत नाही. उलट, स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज नावाचा मुलगा याच संघाचे सामने पाहत मोठा झाला आणि २०१६ च्या खेळाडू-निवडीत सर्वांत पहिला उचलला गेला. रूनींच्या नकाशावर ॲरिझोनाचा ठिपका एका पिढीत उमटला. संघ मेला तो खुर्च्यांच्या रचनेने, रस्त्यांच्या अंतराने आणि मालकांच्या फाटक्या खिशाने. महानगराच्या आत, अगदी खुर्चीपर्यंतचा भूगोल तपासल्याशिवाय जागेविषयी बोलू नये, हा धडा मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी देईन.

अटलांटाने दोनदा संघ गमावला. पहिला १९८० मध्ये कॅलगरीला गेला, दुसरा २०११ मध्ये विनिपेगला. दोन्ही वेळा मालक अडचणीत होते. दुसऱ्या वेळी तर भागीदारांमध्येच वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले होते. तरीही आज तिसऱ्या संघाची बोलणी सुरू आहेत, आणि अरीनाचे प्रस्ताव शहराच्या मध्यात नाहीत, उत्तरेच्या उपनगरांत आहेत. प्रेक्षक राहतो तिथे जायचे, हे शहाणपण आता आले आहे. विनिपेगमध्ये मात्र २०११ मध्ये हंगामी तिकिटांची खुली विक्री सुरू झाली आणि काही मिनिटांतच ती संपली. हे दृश्य लहान शहरांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून सांगितले जाते. पण कोविडनंतर त्याच विनिपेगमध्ये हंगामी तिकिटांची संख्या बरीच घसरली आणि संघाला काळजी जाहीर बोलून दाखवावी लागली, हेही त्याच दमात सांगायला हवे. पहिल्या दिवसाचा उत्साह आणि चौदाव्या हंगामातली नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यशस्वी विस्ताराचा अलीकडचा नमुना लास व्हेगासचा. व्हेगासने पहिल्याच हंगामात, २०१८ मध्ये, अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये कप जिंकला. एवढे शुल्क घेतल्यावर दुबळा संघ देणे लीगला शोभले नसते, म्हणून जुन्या संघांना राखून ठेवता येणाऱ्या खेळाडूंची संख्या कमी केली गेली, हे त्यामागचे मोठे कारण. महिलांच्या व्यावसायिक लीगने, पीडब्ल्यूएचएलने, आणखी वेगळी वाट धरली. २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झालेल्या या लीगचे सगळे संघ एकाच मालकीचे आहेत. संघ नसलेल्या शहरांत आधी सामने खेळवायचे, किती लोक येतात ते पाहायचे आणि मग ठरवायचे, अशी तिची रीत. व्हँकूव्हर आणि सिअ‍ॅटल हे संघ तसेच आले. ही पद्धत मला मनापासून पटते. शहराची परीक्षा शहराकडूनच घेतली जाते.

आता माझे मत. लीगमध्ये पूर्वेचे सोळा आणि पश्चिमेचे सोळा संघ आहेत. समतोल राखायचा तर दोन संघ एकदम यावेत, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. पश्चिमेचा प्रश्न सोपा आहे : ह्यूस्टन. प्रचंड वस्ती, शहराच्या मध्यातले तयार अरीना, चार तासांच्या अंतरावर डॅलससारखा वैरी, आणि हॉकीची विसरली गेलेली परंपरा. एनएचएलशी टक्कर घेणाऱ्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये ह्यूस्टनचा संघ होता. १९७१ मध्ये निवृत्त झालेला गॉर्डी हाउ आपल्या दोन मुलांबरोबर खेळायला उतरला तो याच संघातून, आणि १९७४ व १९७५ ची विजेतेपदे ह्यूस्टनने घेतली. अरीनाच्या चाव्या बास्केटबॉल संघाच्या मालकाकडे आहेत. खरी वाटाघाट तिथे आहे.

पूर्वेकडे अटलांटा की केबेक, हा खरा वाद. बहुतेक जाणकार अटलांटाकडे झुकतात, आणि त्यांची कारणे हलकी नाहीत. साठ लाखांवर वस्ती एका बाजूला, आठ लाखांच्या आसपास दुसऱ्या बाजूला. केबेकमध्ये बड्या कंपन्यांची मुख्यालये थोडी. उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये. याच दरीत १९९५ मध्ये केबेकचा संघ नाहीसा झाला आणि डेन्व्हरला जाऊन पुढच्याच वर्षी कप जिंकता झाला. ती जखम केबेकच्या लोकांना अजून ठणकते. तरीही माझा कौल केबेकला आहे. १९९५ ला वेतनमर्यादा नव्हती. २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडवून लीगने ती आणली, आणि लहान शहरांचे गणित बदलले. अरीना तयार आहे. मिनेसोटा, डेन्व्हर, विनिपेग आणि अटलांटा या सर्वांना संघ गमावल्यावर दुसरी संधी मिळाली. केबेकला आणि हार्टफर्डला ती मिळाली नाही. मॉन्ट्रिअलशी असलेले वैर तर आयते आहे, ते कुठल्याही जाहिरात मोहिमेने निर्माण होत नसते. एकच अट घालावी लागेल : विनिपेगला लाभला तसा, दहा वर्षे तोटा सोसू शकणारा मालक. तो मिळाला नाही तर केबेकनेही हट्ट धरू नये.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आयपीएलने २०११ मध्ये पुणे आणि कोची असे दोन संघ वाढवले. कोचीचा संघ एका हंगामात संपला. पुण्याचा संघ पहिल्या वर्षी घरचे सामने नवी मुंबईत खेळला, कारण गहुंजेचे मैदान तयार नव्हते. नंतर शुल्काचा वाद पेटला आणि २०१३ मध्ये मालकांनी अंग काढून घेतले. ग्लेनडेल वाचलेल्या माणसाला यात ओळखीच्या खुणा दिसतील. उलट प्रो कबड्डीत २०१४ पासून असलेला पुण्याचा संघ टिकला आणि २०२४ मध्ये विजेता झाला. एकाच शहरात एक संघ उखडला आणि एक रुजला, तो का? मालकी, मैदान, शुल्क आणि प्रेक्षक यांचा ताळा मांडून हे तपासणारा अभ्यास मराठीत व्हायला हवा. त्यासाठी लागणारी हत्यारे वर सांगितलेल्या ग्रंथकारांनी घडवून ठेवली आहेत. ज्या तरुण अभ्यासकाला हे काम हाती घ्यावेसे वाटेल, त्याने किंवा तिने जोन्स-फर्ग्युसनपासून वाचायला घ्यावे, आणि वाचून झाल्यावर एखाद्या सामन्याच्या संध्याकाळी शिवाजीनगरहून गहुंजेपर्यंत बसने जाऊन यावे.